मतपेटीऐवजी लिंक: हौशी बागप्रेमी संस्थेची निवडणूक ऑनलाइन नेताना

आमच्या संस्थेची मतपेटी म्हणजे निंबोळी पेंडीचा जुना पत्र्याचा डबा. झाकणाला छिन्नीने पाडलेली फट, वरून गुंडाळलेलं लाल कापड. डबा कितीही घासला तरी मोजणीच्या वेळी मतपत्रिकांना पेंडीचा वास यायचाच, आणि मोजणारे दोघं हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवायचे नाहीत. त्याबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. तक्रार होती ती ही, की सभासद तीनशेच्या आसपास आणि मत देणारे दर वेळी तेच पन्नास-साठ, ज्यांना रविवारी सकाळी पुण्यात एरंडवण्यातल्या हॉलपर्यंत येणं जमतं. निगडी, वाघोली, उंड्रीची मंडळी वर्गणी भरायची, रोपांच्या देवाणघेवाणीला हमखास यायची, निवडणुकीला मात्र नाही. एकाने तर सरळ कळवलं, "जाऊन-येऊन तीन तास. तेवढ्यात माझी सगळी अडेनियमची रोपं नव्या कुंड्यांत लावून होतात." त्याचं काय चुकलं?

म्हणून ऑनलाइन मतदान घ्यायचं ठरलं, आणि पहिल्या वर्षी आम्ही सपशेल माती खाल्ली. मी कार्यवाह होतो. गूगल फॉर्म मीच बनवला, लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच टाकली आणि पुढच्या कार्यवाहपदाचा उमेदवारही मीच. मतदान चालू असताना कुणाला किती मतं पडली हे मला फॉर्मच्या प्रतिसादाच्या पानावर जाता-येता दिसत होतं. आणि मी बघत होतो. सभेत समोरच्या उमेदवाराने शांतपणे विचारलं, "तुम्हाला निकाल आधीच माहीत होता का?" मला नाही म्हणता आलं नाही. तो निकाल रद्द झाला, डबा परत माळ्यावरून खाली आला.

पुढची सगळी रीत त्या प्रश्नातून घडली. प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावायची: उद्या हरलेला उमेदवार याबद्दल काय विचारेल, आणि आपल्याकडे त्याचं सरळ उत्तर असेल का?

आधी घटना उघडा

ऑनलाइनचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "कुठलं ॲप?" तो प्रश्न बराच मागे ढकला. आधी कपाटातून संस्थेची घटना, म्हणजे तिची लेखी नियमावली काढा.

यंत्रावर मतदान घेण्याचा देशातला पहिला प्रयोग १९८२ मध्ये केरळच्या परूर विधानसभा मतदारसंघात, ५० मतदान केंद्रांवर झाला. हरलेला उमेदवार कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल दिला, की कायद्यात मतपत्रिका लिहिली आहे, यंत्राला त्यात जागा नाही. त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकांनी फेरमतदान झालं आणि विजयी उमेदवार बदलला. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१अ घातलं गेलं, तेव्हा कुठे यंत्राला कायद्याचं घर मिळालं. यंत्र बिघडलं म्हणून ते मतदान रद्द झालेलं नव्हतं. नियम आधी बदलायचा राहून गेला होता.

आपल्याकडेही तसंच आहे. पुण्यातल्या नोंदणीकृत हौशी संस्थांना सहसा दोन कायदे लागू असतात: १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. निवडणूक नेमकी कशी घ्यायची हे मात्र तुमच्या स्वतःच्या घटनेत लिहिलेलं असतं. पेन्सिल घेऊन बसा आणि पुढचे शब्द शोधा.

पहिला शब्द "उपस्थित". "उपस्थित सभासदांच्या बहुमताने" असं लिहिलं असेल, तर घरून मत देणारा उपस्थित आहे की नाही, यावर वकील दोन वर्षं भांडू शकतात. दुसरा "मतपत्रिका". तिसरी जागा नोटिशीची. जुन्या घटनांत "नोटीस यूपीसीने पाठवावी" असं हमखास सापडतं. यूपीसी म्हणजे पत्र टपालात टाकल्याचा पोस्टाचा दाखला. टपाल खात्याने ती सेवा २०११ मध्येच बंद केली. रजिस्टर्ड पोस्टही सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. घटनेला हात लावताच आहात तर नोटीस ईमेलने पाठवण्याची सोयही त्याच खेपेला करून घ्या, पुन्हा पुन्हा घटनादुरुस्तीची सभा कोण भरवणार? चौथी जागा गणपूर्तीची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची. "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा भरवण्यात आली" हे वाक्य ज्यांच्या इतिवृत्तात दर वर्षी येतं, त्यांनी तर आवर्जून बघावी. घरबसल्या मत देता आलं की हॉलमध्ये येणारे आणखी कमी होतात.

शेवटी घटनादुरुस्तीचं कलम वाचा. किती दिवसांची नोटीस, किती बहुमत, एक सभा की दोन, हे प्रत्येक संस्थेत वेगळं असतं. आम्ही जो मसुदा मांडला तो साधारण असा होता:

"कार्यकारिणीची निवडणूक गुप्त मतदानाने होईल. मतदान इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, कागदी मतपत्रिकेने किंवा दोन्ही पद्धतींनी घेता येईल व त्याचा तपशील निवडणुकीच्या नोटिशीत दिला जाईल. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेले मत सभेत प्रत्यक्ष दिलेल्या मताइतकेच ग्राह्य राहील. कोणत्याही सभासदास एकाच पद्धतीने मत देता येईल. इलेक्ट्रॉनिक मत दिलेला सभासद सभेस हजर नसल्यास गणपूर्तीसाठी धरला जाणार नाही. समसमान मते पडल्यास निवडणूक अधिकारी सभेसमोर चिठ्ठी टाकून निर्णय देईल."

यात कुठल्याही ॲपचं नाव नाही, ते मुद्दाम. आज आहे ते ॲप पाच वर्षांनी बंद पडेल, घटना राहील. मसुदा संस्थांची कामं करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. आणि हा ठराव जुन्याच रीतीने, म्हणजे हॉलमध्ये, तुमच्या घटनेत असेल त्या पद्धतीने पास करा. ऑनलाइन मतदान आणण्याचा ठराव ऑनलाइन मतदानाने पास करणारी एक कार्यकारिणी मला माहीत आहे. त्यांच्याकडे अजून कागदी मतपत्रिकाच छापतात.

दुरुस्ती पास झाली की ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात तिची रीतसर नोंद करून घ्या. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून एका वर्षी दुरुस्ती आणि पुढच्या वर्षी निवडणूक असा हिशेब धरा. नोंदणीच नसलेला, नुसता व्हॉट्सॲपवर चालणारा ग्रुप असेल तर हीच सहा वाक्यं एका पानावर लिहून, सगळ्यांची संमती घेऊन ठेवली तरी पुरेल.

यादी, म्हणजे निम्मं काम

मला वाटलं होतं मतदारयादीला एक आठवडा पुरेल. अडीच महिने लागले.

आमच्या वहीत आजीव सभासद होते, वार्षिक होते, आणि "मागच्या कार्यवाहांनी तोंडी घेतलेले" असे सात-आठ होते, ज्यांची पावती कुठेच नव्हती. दिवंगत सभासदांची नावं तशीच होती. फोन करून "आजोबा आहेत का?" असं विचारणं नको वाटतं, आम्ही वर्गणी नूतनीकरणाचा साधा फॉर्म घरोघरी पाठवला आणि घरच्यांनीच कळवलं. एका घरून उत्तर आलं, की आजोबा गेले, पण त्यांचं पन्नास वर्षांचं वडाचं बोन्साय आहे, संस्था सांभाळेल का? यादीच्या कामात असंही काही हाताशी येतं.

मताचा अधिकार कुणाला, हा वाद फार घालू नका. १८६० च्या अधिनियमाचं कलम १५ स्पष्ट आहे: ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मताचा अधिकार नाही, सभासद म्हणून मोजदादीतही त्याला धरत नाहीत. एक तारीख ठरवा, त्या दिवसापर्यंत वर्गणी जमा झालेले मतदार. ही तारीख नोटिशीत ठळक छापा. नाहीतर मतदानाच्या आदल्या रात्री यूपीआयने वर्गणी भरून स्क्रीनशॉट पाठवणारे पाचजण उगवतात, आणि ते कुणाच्या बाजूचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता ईमेल. प्रत्येक मतदाराची लिंक वेगळी असली पाहिजे, म्हणून प्रत्येकाचा पत्ता हवा. इथे पुणेरी संसाराची एक गंमत आडवी येते. नवरा-बायको दोघंही सभासद, ईमेल एकच, आणि तो बहुधा अमेरिकेतल्या मुलाने काढून दिलेला. काही प्रणाली एका ईमेलवर दोन मतदार घेतच नाहीत, दुसरा गुपचूप गळतो. आमच्याकडे अशी तेवीस जोडपी निघाली. त्यांना फोन केले, "काकू, तुमचा स्वतंत्र ईमेल काढू या का?" बहुतेकींनी आनंदाने काढला. एक काकू म्हणाल्या, "ह्यांना पासवर्ड कळणार नाही ना?" गुप्त मतदान म्हणजे काय हे त्यांना आम्ही समजावून सांगायची गरज नव्हती.

एसएमएसवर ओटीपी पाठवण्याच्या भानगडीत लहान संस्थेने पडू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१८ च्या नियमांनुसार असे एसएमएस पाठवायला आधी पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदणी लागते. तीनशे लोकांसाठी तो उपद्व्याप परवडत नाही. नोटिसा साध्या जीमेलवरून पाठवणार असाल तर फुकट खात्याची मर्यादा दिवसाला ५०० पत्त्यांची आहे हे ध्यानात ठेवा. तीनशे जणांना सकाळी नोटीस आणि संध्याकाळी तिची दुरुस्ती पाठवलीत की खातं अडकलंच.

यादी तयार झाली की तिची छापील प्रत एका सभेत टेबलावर ठेवा आणि हरकतींना पंधरा दिवस द्या. यादीत फक्त नाव आणि सभासद क्रमांक. फोन आणि ईमेल छापून सगळ्यांना वाटण्याची जुनी सवय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानंतर तरी सोडायला हवी. नूतनीकरणाच्या फॉर्मवरच "संस्थेच्या निवडणुकीसाठी माझा ईमेल वापरण्यास संमती" अशी एक ओळ घालून सही घेतली की काम होतं.

निवडणूक अधिकारी कोण

उमेदवार नसलेला, कुठल्याही उमेदवाराचा जवळचा नातलग नसलेला आणि मागच्या भांडणात कुठल्याच बाजूला न बसलेला. असा माणूस संस्थेत मिळाला नाही तर बाहेरून आणा. आम्ही एका निवृत्त बँक अधिकारी बाईंना विनंती केली. त्यांना कुंडी आणि परात यांतला फरक सांगावा लागला असता, पण लेजरचं पान बरोबर पडताळता येत होतं. आम्हाला तेच हवं होतं.

प्रणालीचा मुख्य पासवर्ड त्यांच्याकडेच. कार्यकारिणीतल्या तरुण पोरांनी तांत्रिक मदत करावी, पण ती त्यांच्या शेजारी बसून. खातंही संस्थेच्या नेहमीच्या ईमेलवर उघडू नये, कारण त्याचा पासवर्ड पाच माजी पदाधिकाऱ्यांच्या फोनमध्ये अजून असतो.

साधन निवडताना

व्हॉट्सॲपचा पोल रोपांच्या सहलीची तारीख ठरवायला उत्तम. तिथे कुणी काय निवडलं ते नावासकट दिसतं, म्हणून निवडणुकीला तो बाद. गूगल फॉर्मची पंचाईत दुहेरी आहे. एका माणसाला एकच मत ही अट घातली तर मतदाराला गूगल खात्यात शिरावं लागतं, आणि तरीही एकाच माणसाची दोन खाती असली तर ती अट फोल ठरते. ईमेल नोंदवून घेतला तर नाव आणि मत शेजारशेजारच्या रकान्यात बसतं, म्हणजे गुप्तता गेली. शिवाय फॉर्मच्या मालकाला चालू मोजणी दिसते. त्याची कहाणी वर सांगून झाली.

खास निवडणुकीसाठी बनवलेल्या प्रणालींत हेलिओस आणि बेलेनिओस ही दोन मोफत, मुक्तस्रोत (प्रोग्राम कुणालाही उघडून तपासता येतो अशी) नावं तपासून बघण्यासारखी. दोन्हींत मत मतदाराच्या फोनवरच कुलूपबंद होऊन जातं, मतदान संपल्यावर ठरलेल्या लोकांच्या किल्ल्या, म्हणजे गुप्त सांकेतिक फाइली, लागल्याखेरीज बेरीज निघत नाही, आणि मतदाराला एक सांकेतिक पावती मिळते. आपलं कुलूपबंद मत यादीत आहे का, हे त्या पावतीवरून ताडता येतं. मत कुणाला दिलं ते मात्र पावतीवर नसतं. हेलिओसच्या कर्त्यांनी स्वतःच म्हटलं आहे, की जिथे मतदारावर दबाव येण्याची भीती कमी आहे, म्हणजे क्लब, विद्यार्थी संघटना वगैरे, तिथेच हे वापरावं. बागप्रेमींची संस्था त्यात चपखल बसते. दबाव म्हणजे फार तर "मला मत दे, पिवळ्या प्लुमेरियाची फांदी देतो."

पैसे घेऊन निवडणूक चालवून देणाऱ्या सेवाही आहेत. त्यांचा खर्च तुमच्या एका टपाल फेरीच्या खर्चाशी ताडून बघा. शेअर्सची खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल, सीडीएसएल यांची यंत्रणा कंपन्यांच्या भागधारकांसाठी आहे. आपल्याला ती म्हणजे कुंडीतल्या तुळशीला पाण्याचा टँकर. कंपन्यांचे नियम मात्र वाचण्यासारखे आहेत, पुढे त्यांचा उपयोग येतोच.

किल्ल्यांबद्दल जरा थांबून सांगतो. जगभरातल्या कूटलिपी तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएसीआर, आपल्या निवडणुका हेलिओसवर घेते. २०२५ च्या त्यांच्या निवडणुकीत तीन विश्वस्तांकडे तीन किल्ल्या होत्या आणि निकालासाठी तिन्ही लागणार होत्या. एका विश्वस्ताची किल्ली कायमची हरवली. मतं सगळी शाबूत, पण पेटी उघडेना. निवडणूक पुन्हा घ्यावी लागली, आणि या वेळी तिघांपैकी दोघांच्या किल्ल्या पुरतील असं ठरलं. ज्यांचा धंदाच कुलूप-किल्लीचा, त्यांच्या घरी हे झालं. बेलेनिओसमध्ये "तिघांपैकी दोन" अशी सोय आहे, ती घ्या. आमच्या तीन किल्ल्या निवडणूक अधिकारी, लेखापरीक्षक आणि एक ज्येष्ठ सभासद यांच्याकडे होत्या, प्रत्येकी एका पेनड्राइव्हवर आणि शिवाय छापून बंद पाकिटात. ज्येष्ठ काकांनी पाकीट बियाण्यांच्या डब्यात ठेवलं, कारण "तो डबा आमच्याकडे कुणी उघडत नाही."

दिलेलं मत बदलता यावं का, हे आधीच ठरवा. कंपन्यांच्या ई-मतदानात एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. हेलिओसमध्ये मतदार पुन्हा मत देऊ शकतो आणि शेवटचं धरलं जातं. मला दुसरी रीत बरी वाटते. कुणी शेजारी बसून मत द्यायला लावलं तरी रात्री एकट्याने बदलता येतं. जी निवडाल ती नोटिशीत लिहा.

रंगीत तालीम

ही पायरी गाळू नका, आमचा जीव हिने वाचवला. खऱ्या मतदानाच्या महिनाभर आधी आम्ही सगळ्या यादीला खोटी निवडणूक पाठवली: "संस्थेचं या वर्षीचं फूल कोणतं?" उमेदवार मोगरा, जास्वंद, गुलाब आणि बोगनवेल. दोन तासांत पहिली हरकत आली, बोगनवेलीत रंगीत असतात ती फुलं नव्हेत, पानं आहेत, म्हणून तिची उमेदवारी छाननीत बाद करावी. दुसरी, अबोलीवर अन्याय झाला. एकाने विचारलं, "वरीलपैकी कोणीही नाही" का नाही? हा शेवटचा प्रश्न खरा होता. देशाच्या निवडणुकीत तो पर्याय २०१३ पासून आहे, आणि पडद्यावर रकाना कोरा सोडता येत नसेल तर तुम्हीही तो द्यायला हवा. आम्ही दिला.

गमतीच्या आडून खरे दोष बाहेर आले. चाळीसेक जणांची लिंक स्पॅममध्ये गेली होती. काही पत्त्यांत टंकताना चूक झाली होती. एका जुन्या फोनवर देवनागरी नावांची जोडाक्षरं फुटून दिसत होती, त्यामुळे "ज्योत्स्ना" ओळखू येत नव्हतं. आणि खऱ्या मतपत्रिकेचा मसुदा त्याच वेळी पडताळला, तर अकरा जागांसाठी "जास्तीत जास्त अकरा" ऐवजी "नेमके अकरा" अशी अट आमच्याकडून पडली होती. सात जणांवर खूण करून थांबणाऱ्याला पुढेच जाता आलं नसतं. हे खऱ्या मतदानात झालं असतं तर? जिंकला मोगरा, पण तो भाग वेगळा.

मतदानाचे दिवस

तारखा पालखी गेल्यानंतर आणि गणपतीच्या आत बसवा. जानेवारी टाळा, तेव्हा एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनासाठी निम्मे सभासद कुंड्या सजवण्यात बुडालेले असतात, कुणी ईमेल उघडत नाही.

कंपन्यांच्या नियमात ई-मतदान किमान तीन दिवस खुलं ठेवून सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद करायचं असतं. आम्ही तेच उचललं, फक्त पाच दिवस दिले: मंगळवारी सकाळी नऊ ते शनिवारी संध्याकाळी पाच, रविवारी सभा. अर्ज, छाननी, माघार हे त्याआधी तीन आठवड्यांत उरकायचं. उमेदवारांच्या नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. अकारविल्हे लावलात तर आपटे दर वर्षी वर आणि क्षीरसागर दर वर्षी तळाशी, आणि फोनवर तळापर्यंत सरकवण्याचे कष्ट सगळेच घेत नाहीत. प्रत्येकाला शंभर शब्दांचं निवेदन आणि एकच मापाचा फोटो. संस्थेच्या अधिकृत ग्रुपवर प्रचार बंद, त्या पाच दिवसांत फक्त निवडणूक अधिकाऱ्यांनाच लिहिता येईल असं ठेवा.

लिंकसोबतचा निरोप लहान असावा. आमचा असा होता: "नमस्कार. ही लिंक फक्त तुमच्यासाठी आहे, कृपया पुढे पाठवू नका. शनिवारी संध्याकाळी ५ पर्यंत मत देता येईल. तुमच्याकडून पासवर्ड, ओटीपी किंवा पैसे कुणीही मागणार नाही. अडचण आल्यास निवडणूक अधिकाऱ्यांना फोन करावा." ओटीपीची ओळ ज्येष्ठांसाठी अत्यंत गरजेची. अनोळखी लिंक दाबू नका हे आपणच त्यांना इतकी वर्षं शिकवलं आहे. त्यामुळे लिंक कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या दिवशी येईल हे आधी टपालाने किंवा फोनवर कळवलं, तरच ते उघडतात.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा नको आहे, त्यांना दोन वाटा ठेवा. एक, सभेच्या दिवशी हॉलमध्ये कागदी मत. दुसरी, बुधवारच्या रोपांच्या देवाणघेवाणीला एका कोपऱ्यात टॅबलेट. तिथे मदतनीस लिंक उघडून देईल आणि पाठ करून उभा राहील. सहकारनगरच्या एका आजींनी आमच्या मदतनीसाला सांगितलं, "अरे, तूच दाब की, मला काय कळतंय." त्याने टॅबलेट त्यांच्या हातात दिला आणि कुंड्यांकडे तोंड करून उभा राहिला. आजींना वीस मिनिटं लागली. नातवाने घरी दोन मिनिटांत दाबून दिलं असतं, पण मग ते मत नातवाचं झालं असतं. ही वीस मिनिटं तुमच्या वेळापत्रकात धरा.

रोज संध्याकाळी किती जणांनी मत दिलं एवढा आकडा जाहीर करायला हरकत नाही. कुणी दिलं नाही त्यांची नावं ग्रुपवर टाकणं म्हणजे उधारीची पाटी लावणं. ते करू नका. आणि मत देणाऱ्याला रोप भेट देण्याची कल्पना कितीही गोड वाटली, तरी रोपं द्यायची तर सगळ्या सभासदांना द्या, नाहीतर देऊ नका.

मोजणी

शनिवारी पाचला मतदान बंद झालं की निवडणूक अधिकाऱ्यांनी कुणीकुणी मत दिलं याची यादी छापायची. कुणाला दिलं हे त्यांनाही दिसत नाही. ती यादी रविवारी हॉलच्या दारात लागते: ज्याच्या नावापुढे खूण आहे त्याला कागदी मतपत्रिका मिळणार नाही. इथे एक वाद ठरलेला, "मी दिलंच नाही, माझ्या नावापुढे खूण कशी?" अशा माणसाला परत पाठवू नका. त्याला मतपत्रिका द्या, ती स्वतंत्र पाकिटात बंद करा, वर सभासद क्रमांक लिहा आणि निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवा. आमच्याकडे असं एकच पाकीट आलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी दोघांचीही मतं देऊन टाकली होती. घरातल्या घरात ते कसं मिटलं ते मी विचारलं नाही. पाकीट मात्र न उघडता फाइलला लावलं.

क्रम महत्त्वाचा. आधी कागदी मतं मोजून आकडे फळ्यावर लिहा, मगच किल्ल्या लावून ऑनलाइन बेरीज उघडा. उलट केलं तर कागदी मोजणी करणाऱ्यांना आधीच कळलेलं असतं, की कुणाला किती कमी पडतात. कंपन्यांच्या नियमात ई-मतं उघडताना कंपनीच्या नोकरीत नसलेले दोन साक्षीदार लागतात. आम्ही उमेदवार नसलेले दोन सभासद घेतले आणि प्रोजेक्टरवर सगळ्यांदेखत पडदा उघडला. ऑनलाइन मतांची एकूण संख्या दारातल्या यादीवरच्या खुणांशी जुळली पाहिजे. जुळली की ते मोठ्याने वाचून दाखवा. त्या दिवशी हॉलमध्ये टाळ्या निकालाला पडल्या त्याहून आधी या जुळणीला पडल्या, आणि पहिली टाळी त्या पहिल्या वर्षी मला प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांची होती. कार्यवाहपदी तेच निवडून आले. मी या खेपेला उभा नव्हतो.

कागदपत्रं

नवी कार्यकारिणी आली की १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे झालेल्या बदलाचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, सभेचं इतिवृत्त, हजेरीपट, नव्या सदस्यांची संमतीपत्रं ही नेहमीची जोडणी. ऑनलाइन निवडणुकीसाठी तिला चार कागद वाढवा: मंजूर घटनादुरुस्तीची प्रत, ईमेल गेल्याची छापील नोंद, प्रणालीतून काढलेलं निकालाचं पान आणि निवडणूक अधिकारी व दोन साक्षीदारांच्या सह्यांचा दाखला. दाखला साध्या मराठीत लिहा: मतदान कधी उघडलं, कधी बंद झालं, किती मतदार, किती ऑनलाइन मतं, किती कागदी, किती पाकिटं बाजूला, निकाल काय. फाइल वाचणाऱ्याला हेलिओस म्हणजे काय हे माहीत असण्याची अपेक्षा धरू नका.

चेंज रिपोर्टवर हरकत आली तर प्रकरण रेंगाळतं, म्हणून तो मंजूर होईपर्यंत काहीही नष्ट करायचं नाही: ना किल्ल्यांचे पेनड्राइव्ह, ना मतपत्रिका, ना प्रणालीतलं खातं. मंजुरीची प्रत हातात आली की कार्यकारिणीत ठराव करून खातं पुसून टाका आणि कागदी मतपत्रिका बारीक फाडा. आमच्या गेल्या खेपेच्या मतपत्रिका आता कोथरूडच्या एका सभासदाच्या गच्चीवर, कंपोस्टच्या दुसऱ्या थरात आहेत.